आपल्या घराचा फोटो कुणी काढायचा?

आम्ही दापोड्याच्या बचत गटातल्या बाया आज फोटोबद्दल बोलणार आहोत. लग्नाच्या, बारशाच्या नाही, इमारतींच्या फोटोबद्दल. बोरीबंदरच्या स्टेशनापासून लोअर परळच्या टॉवरपर्यंत, आणि तिथून आपल्या गावातल्या कौलारू घरापर्यंत.

तुम्ही म्हणाल, इमारतीचा फोटो काढून बाईला काय मिळायचं? तर आमच्याच गटातल्या एका आजींचं ऐका. त्यांचं जुनं घर पाडलं आणि त्या जागेवर गोदाम उभं राहिलं. पैसे मिळाले, पोरांची सोय झाली. त्याबद्दल तक्रार नाही. पण नातीने विचारलं, "आजी, आपलं घर कसं होतं?" तेव्हा घरभर शोधून एकच फोटो सापडला. लग्नातला. नवरीच्या मागे दाराची अर्धी चौकट दिसते, बस. पन्नास वर्षं ज्या ओटीवर त्यांनी धान्य पाखडलं, ती ओटी कुठल्याच फोटोत नाही.

दापोडे, मानकोली, वळ, पूर्णा, राहनाळ, सगळीकडे हेच चाललंय. भाताच्या खाचरांवर पत्र्याची गोदामं आली, कौलारू घरांच्या जागी चार मजली इमारती आल्या. म्हणून आम्ही ठरवलं, फोटो काढायला नीट शिकायचं. आणि शिकायला मुंबईत गेलो, कारण तिथल्या इमारती कुणालाही नाही म्हणत नाहीत.

ठाण्याहून लोकलने शेवटच्या स्टेशनाला उतरलो. १६ एप्रिल १८५३ला पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, तेच हे ठिकाण. आजची इमारत त्यानंतरची. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी तिचा आराखडा केला, १८७८मध्ये काम सुरू झालं आणि पुरं व्हायला दहा वर्षं लागली. २००४पासून ती जागतिक वारसा आहे. रोज लाखो माणसं तिथून जातात, पण मान वर करून बघायला सवड कुणाला? घुमटाच्या टोकावर एक बाई उभी आहे. एका हातात मशाल, दुसऱ्या हातात चाक. ती प्रगतीची मूर्ती. भिंतींवर दगडात कोरलेले मोर, माकडं, पानं-फुलं आहेत, आणि त्यातल्या कोरीवकामात जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे.

इथे पहिला धडा मिळाला, उन्हाचा. या इमारतीची दर्शनी बाजू पश्चिमेला आहे. सकाळी गेलात तर ऊन मागून येतं आणि समोरचा भाग काळवंडतो. दुपार कलली की तेच ऊन दगडावर पडतं आणि कोरीवकाम उठून दिसतं. आपण पापड कुठल्या अंगणात किती वाजता घालायचे ते बरोबर जाणतो ना? तोच हिशोब.

दुसरा धडा, लांब उभं राहायचा. इमारतीच्या पायाशी उभं राहून फोन वर केला की भिंती मागे पडल्यासारख्या दिसतात. रस्ता ओलांडा, मागे सरका, फोन सरळ धरा. फोनमध्ये आडव्या-उभ्या रेघा दाखवायची सोय असते, ती चालू करा आणि भिंतीची कड उभ्या रेघेला लावा. आणि त्याआधी काच पदराने पुसा. निम्मे फोटो धुरकट येतात ते बोटाच्या तेलानेच.

तिथून ओव्हल मैदानावर गेलो. मैदानाच्या पूर्वेला राजाबाई टॉवर. १८७८मध्ये पुरा झाला, उंची २८० फूट. प्रेमचंद रायचंद नावाच्या व्यापाऱ्याने पैसे दिले आणि आपल्या आईचं नाव दिलं. एवढ्या मोठ्या मनोऱ्याला एका आईचं नाव, हे आम्हाला फार आवडलं. मैदानाच्या पश्चिमेला गोल कोपऱ्यांची, सज्ज्यांची घरं आहेत, ती विसाव्या शतकातली. मधे उभं राहून एकदा इकडे, एकदा तिकडे फोटो घ्या, दोन काळ दिसतात. या दोन्ही बाजूंना मिळून २०१८मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला.

मग टॉवर. लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर वर्ल्ड वन नावाचा टॉवर आहे, सुमारे २८० मीटर उंच. राजाबाई २८० फूट आणि हा २८० मीटर, म्हणजे तिपटीहून जास्त. एवढी इमारत जवळून फोनमध्ये मावत नाही. तिचा फोटो पुलावरून किंवा लांबच्या रस्त्यावरून घ्यावा लागतो. दिवेलागणीची वेळ सगळ्यात चांगली, कारण आभाळात थोडा उजेड असतो आणि खिडक्यांत दिवे लागलेले असतात. आणि खाली एखादं झाड, एखादी चाळ, एखादा माणूस फोटोत राहू द्या. त्याशिवाय उंची कळत नाही.

तिथे आम्हाला भिवंडी आठवली. १९८२मध्ये गिरणी कामगारांचा संप झाला, गिरण्या बसल्या, आणि कापडाचं काम आपल्याकडच्या यंत्रमागांवर आणखी वाढलं. म्हणजे तिथला टॉवर आणि इथला मागाचा खडखडाट एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. गिरणीचं धुराडं ज्याने वेळेत फोटोत धरलं, त्याच्याकडेच आज ते आहे.

आता आपल्या घराकडे येऊ. शहरातल्या इमारतींचे फोटो हजारोंनी आहेत. त्यातला आपला एक नसला तरी अडणार नाही. आपल्या ओटीचा मात्र आपण काढला नाही तर कुणीच काढणार नाही.

घराचे सहा फोटो घ्या. समोरून पूर्ण घर. ओटी. माजघर. चूल आणि देव्हारा. दाराची चौकट, तिच्यावर नक्षी असेल तर जवळून. आणि शेवटचा, त्या घरात राबलेली बाई तिच्या नेहमीच्या जागी. तिला नटवू नका, हातातलं काम चालू राहू द्या. आत अंधार असतो म्हणून दार-खिडक्या उघडा, फोन भिंतीला टेकवून धरा, म्हणजे हलणार नाही. दुसऱ्याचं घर असेल तर आधी विचारा. गोदामाचा रखवालदार नको म्हणाला तर वाद न घालता बांधावरून, लांबून घ्या.

फोटो छापून घ्या, कारण फोन पाण्यात पडतो, फुटतो. मागे पेनाने तारीख, गाव आणि त्या बाईचं नाव लिहा. अमक्याची बायको असं नको, तिचं नाव. होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या वृत्तछायाचित्रकार बाई. मुंबईत जे. जे.मध्ये शिकल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे. पुढे २०११मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, ते त्यांच्या स्वतःच्या नावाने.

नावाचं निघालंच आहे तर एक सांगतो. फोटो आठवण ठेवतो, मालकी देत नाही. मालकीची गोष्ट कागदावर असते. घराचा फोटो काढाल त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत जा आणि आपल्या घराचा नमुना आठचा उतारा मागा. त्यावर नवऱ्याबरोबर तुमचंही नाव आहे का ते वाचा. नसेल तर दोघांच्या सहीने अर्ज द्या. नमुना आठ ही करआकारणीची नोंद आहे, जमिनीचा सातबारा वेगळा, तोही बघून ठेवा. घर विकायची, पाडायची बोलणी सुरू झाली की मग धावपळ होते आणि बाईला शेवटी कळतं.

आमच्या गटाने आतापर्यंत अकरा घरांचे फोटो काढून एका वहीत चिकटवलेत. त्यातली दोन घरं आता नाहीत. वही गटाच्या पेटीत, कर्जाच्या रजिस्टरशेजारी असते. तुमच्या गटातही एक वही घाला. पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीने एक फोटो आणि एक उतारा आणायचा, एवढं ठरवा. सुरुवात गावातल्या सगळ्यात जुन्या घरापासून करा, आणि पावसाळ्याआधी करा.