तळीरामाची दुसरी बाजू



मी कोणी पंडित नव्हे. माझे शिक्षण वाचनालयात झाले आणि माणसांची ओळख खामगावच्या जिनिंगच्या फाटकावर. तेवढ्या भांडवलावर आज नाटकातल्या काही माणसांची वकिली करतो.

एकतीस डिसेंबर उजाडला की वर्तमानपत्रांत 'तळीरामां'च्या बातम्या येतात. हा तळीराम कोण? राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला, सुधाकर वकिलाचा कारकून. गडकरी आपल्या विदर्भातच, सावनेरला, २३ जानेवारी १९१९ रोजी वारले. नाटक रंगभूमीवर आले ते त्यानंतर, त्याच वर्षी. तेव्हापासून आपण तळीरामाचे सामान्यनाम करून टाकले.

मूळचा तळीराम बोलण्यात तल्लख आहे. आर्यमदिरामंडळ काढून तो सभासंस्थांच्या थाटाची टर उडवतो. धन्याच्या अपमानाची वेळ साधून त्याच्या हाती पहिला प्याला देणाराही तोच. ही हुशारी आणि हे पाप एकाच माणसात आहे. आपण त्यातले 'पितो' एवढेच ठेवले. दळण दळून संसार ओढणाऱ्या मानी सिंधूची आपण नुसती 'पतिव्रता' केली, आणि सुधाकरचा 'दारुडा'.

पण सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो, हे किती जणांना आठवते? तो ओळखीच्यांकडे काम मागायला जातो, तर त्याच्याआधी 'दारुडा' हे नाव तिथे पोचलेले असते. हात हलवीत तो परततो आणि पुन्हा प्याला उचलतो. त्याच मंडळातला भगीरथ मात्र सुटतो, कारण त्याला विश्वास टाकणारी माणसे आणि लोकसेवेचे काम मिळते. गडकऱ्यांनी सुधाकरला माफ केलेले नाही. पण त्याच्या दाराशी कोण कोण उभे होते, तेही लिहून ठेवले आहे.

आपण असे का वाचतो? शिक्का मारला की माणूस दूर जातो. तळीरामाला हसता येते. सुधाकर मात्र आपल्याच घरात निघेल अशी धास्ती असते.

फाटकावर याची किंमत पोटाने मोजावी लागते. कामगाराच्या नावापुढे 'दारुडा' किंवा 'कामचोर' लागले, की चौकशीत पुढचा कागद कोणी उलटीत नाही. आणि कामगारांच्या सभेत 'मालकाचा माणूस' म्हटले, की त्याचे बोलणे कोणी ऐकत नाही. दोन्हीकडे वाचनाची खोड एकच.

म्हणून विनंती एवढीच, की चौथा अंक पुन्हा वाचा. आणि दारू सोडलेला एखादा माणूस काम मागायला आला, तर त्याचे नाव विचारा. गावाने ठेवलेले नव्हे, आईबापांनी ठेवलेले.