‘थांबा’ म्हणणाऱ्याच्या मागे कोण?



मी आत्ता वाराणसीत, बालाजी घाटावर बसून तुमच्याशी बोलतोय. हा घाट पेशव्यांच्या नावाशी जोडलेला. वरच्या बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ लहानपणी शहनाईचा रियाज करायचे. विद्या घरातून, गुरूकडून मिळायची. बांधकामही असंच शिकलं जायचं. बापाकडून पोराला, मिस्त्रीकडून हाताखालच्या माणसाला.

मग यात कमी काय होतं? इथून नदीच्या काठाने दक्षिणेला चाला. भोसले घाट मागे पडला की शिंदे घाट येतो. एकोणिसाव्या शतकात तो इतका भारी बांधला, की स्वतःच्याच वजनाने खचला. पुढे तो नव्याने बांधावा लागला. चूक झाली याचं नवल नाही, ती कोणाच्याही हातून होते. प्रश्न असा, की त्या चुकीतला धडा पुढच्या गावातल्या मिस्त्रीपर्यंत कोण पोचवणार?

हे काम व्यावसायिक संस्था करते. लंडनच्या बांधकाम व्यावसायिकांनी १८३४ मध्ये अशी संस्था काढली. तीच आजची चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ बिल्डिंग. अमेरिकेत १९८२ मध्ये कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट असोसिएशन ऑफ अमेरिका सुरू झाली. आपल्याकडे १९४१ मध्ये पुण्यात बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाची सुरुवात झाली, पण ती मुख्यतः कंत्राटदारांची संघटना. बांधकाम व्यवस्थापन हा स्वतंत्र विषय म्हणून शिकवायला १९८३ मध्ये निकमार ही संस्था उभी राहिली. बालेवाडीचा तिचा परिसर पुणेकरांना माहीत असेल.

या संस्था नेमकं काय करतात? वेळ, पैसा, गुणवत्ता आणि सुरक्षितता कशी सांभाळायची, याच्या चांगल्या पद्धती लिहून काढतात. अनुभव तपासून, परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात. आणि आचारसंहिता घालून देतात. मला विचाराल तर सगळ्यात मोलाची ही तिसरी गोष्ट. का, ते सांगतो.

याच शहरात, १५ मे २०१८ रोजी, कॅन्ट स्टेशनजवळ बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचे अवजड बीम खाली कोसळले. खाली रहदारी सुरू होती. अनेकांचा जीव गेला. बीम एकमेकांना आडव्या बीमने जखडले नव्हते, असं चौकशीत पुढे आलं. आता बघा, आधी काय बांधायचं, नंतर काय, खालचा रस्ता कधी बंद करायचा, हे सगळं व्यवस्थापनाचं काम. नुसतं ड्रॉइंग बरोबर असून भागत नाही.

माझीही एक गोष्ट सांगतो. नोकरीचं पहिलं वर्ष. दुसऱ्या दिवशी स्लॅब भरायचा होता. संध्याकाळी सेंटरिंग बघताना दोन-तीन टेकू ओल्या मातीवर नुसतेच उभे दिसले. मी वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, “काँक्रीटची गाडी सांगून झाली आहे, आता थांबायचं नाही.” मी गप्प बसलो. सकाळी काँक्रीट पडत असताना एक कोपरा खाली बसला. वर चार माणसं होती. नशीब, सगळी वेळेत बाजूला झाली. ते नशीब होतं, माझं कर्तृत्व नव्हे.

त्या संध्याकाळी मला तांत्रिक ज्ञान कमी नव्हतं. पाठीशी कोणी नव्हतं. “सुरक्षितता आधी, हा माझ्या व्यवसायाचा नियम आहे, मी सही करणार नाही,” असं म्हणायला मागे व्यवसाय उभा लागतो. एकट्या पोराचा आवाज साइटवर कोण ऐकतो?

अर्थात, नुसतं सदस्यत्वाचं कार्ड खिशात ठेवून काही होत नाही. वार्षिक संमेलन, हारतुरे, जेवण एवढ्यावर संस्था थांबली तर तिचा उपयोग शून्य. काम थांबवणाऱ्या सदस्याच्या मागे ती उभी राहते का? दुर्घटनेनंतर धडे छापून सगळ्यांना वाटते का? मुकादमापर्यंत, त्याला समजेल अशा मराठीत, हिंदीत पोचते का? तुमच्या संस्थेला हे तीन प्रश्न नक्की विचारा.

आणि तुम्ही तरुण साइट इंजिनिअर असाल, तर आज संध्याकाळी टेकूंच्या खालची जमीन बघा. शंका आली तर ‘थांबा’ म्हणा. मी तेव्हा म्हणालो नाही.