दुरुस्तीचीही चाचणी हवी



नव्या गाडीच्या प्रोटोटाइपमध्ये दोष निघणारच. त्यासाठीच तर तो बांधायचा. मला काळजी वाटते ती दोष दुरुस्त झाला रे झाला की यादीत त्याच्यापुढे ‘क्लोज्ड’ लिहून मोकळे होण्याच्या घाईची.

या बाबतीत ब्रिटनच्या मिनी या मोटारगाडीचा इतिहास आपल्यापैकी प्रत्येक अभियंत्याने वाचावा असा आहे. सुएझच्या पेचप्रसंगात पेट्रोलची टंचाई झाली आणि अभियंते अ‍ॅलेक इसिगोनिस यांच्यावर छोट्या गाडीचे काम आले. इंजिन आडवे बसवून त्यांनी केवढी जागा वाचवली! १९५७ मध्ये प्रोटोटाइप रस्त्यावर आले आणि एकेक दुखणे कळू लागले. सस्पेन्शनचा ताण बॉडीच्या पत्र्याला पेलेना, म्हणून सबफ्रेम आल्या. गाडी फार वेगाने पळू लागली, म्हणून ९४८ सीसीचे इंजिन ८४८ वर आणले. कार्बोरेटर पुढच्या बाजूला होता. थंड वाऱ्यात त्यात बर्फ धरे. म्हणून, आणि आणखीही काही कारणांनी, अख्खे इंजिन फिरवून उलटे बसवले. कार्बोरेटर मागे, उबेला गेला. पण त्याच फेरबदलात प्लगना वीज वाटणारा डिस्ट्रिब्यूटर पुढे, जाळीच्या तोंडाशी आला.

जुलै १९५८ मध्ये मिनी बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी जेमतेम पाच मिनिटे गाडी चालवली आणि वर्षभरात उत्पादन सुरू करा म्हणून सांगितले. २६ ऑगस्ट १९५९ ला गाडी बाजारात आली. तो उन्हाळा तिकडे कोरडा गेला होता. पाऊस सुरू झाला तशी ग्राहकांची गाऱ्हाणी आली: डिस्ट्रिब्यूटर भिजून इंजिन बंद पडते, पायाखाली पाणी साचते. तळाच्या पत्र्यांच्या जोडाचे तोंड गाडीच्या पुढच्या दिशेला राहिले होते. कौले उलटी शाकारावीत तसे. गाडी धावली की रस्त्यावरचे पाणी थेट त्या फटीत. हा जोड कागदावर कुणाला खुपला नाही. भर पावसातल्या एका लांब फेरीत तो खुपला असता.

इसिगोनिस यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. एवढ्या प्रतिभावंताच्या गाडीला जे चुकले नाही, ते आपल्याला चुकेल असे समजू नये.

आपल्याकडे काय होते? प्रोटोटाइप उन्हाळ्यात राजस्थानात जातो, थंडीत लडाखला जातो. पाऊस मात्र पुष्कळदा शॉवर टेस्टवर भागवला जातो, कारण पत्रा घडवायचे डाय कापायला टाकलेले असतात आणि उत्पादनाची तारीख ठरलेली असते. ताम्हिणी घाटाच्या चढावर, रात्रभर भिजलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये उचलताना क्लच थरथरतो, असे टेस्ट ड्रायव्हर लिहून देतो. आपण व्हेंडरकडून क्लचचे दुसरे लायनिंग मागवतो. थरथर जाते. पण त्या लायनिंगचे घर्षण कमी असेल, तर दाब वाढवायला स्प्रिंग कडक करावी लागते, पेडल जड होते आणि त्याचा भार केबलवर येतो. ती केबल तपासायला वेळच उरलेला नसतो. संगणकावरच्या सिम्युलेशनला मी कमी लेखत नाही. क्रँकशाफ्टचा थकवा त्यात आज आधीच दिसतो. पण जे विचारले त्याचेच उत्तर ते देते. न विचारलेले ड्रायव्हरच्या पायाला आणि कानाला कळते, आणि त्याची वही आपल्या आढावा बैठकीत क्वचितच उघडली जाते.

म्हणून खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडणार आहे. पहिल्या चाचणीनंतर बदललेला प्रत्येक भाग, आणि त्याला जोडलेले शेजारचे भागही, पुन्हा पूर्ण चाचणीतून जावेत. एक पावसाळा गाडीने घाटात काढावा. आणि उत्पादनाला मंजुरी देणाऱ्या कागदावर मुख्य अभियंत्याच्या जोडीला टेस्ट ड्रायव्हरची सही असावी. त्या सहीवाचून उत्पादनाची लाइन सुरू होऊ नये. तारीख दोन महिने पुढे गेली तर व्यवस्थापनाला उत्तर द्यायला मी आपल्याबरोबर उभा राहीन. चर्चेत कडाडून विरोध करा, दुरुस्त्या सुचवा. पण उद्या दुपारच्या सत्रापर्यंत हा ठराव मताला टाकू या.