वीस मिनिटांचा हिशेब

नभोवाणीवरून बोलणाऱ्याला बोट दाखवून कांहीं सांगतां येत नाहीं. जें सांगावयाचें तें सारें शब्दांतच सांगावें लागतें. महाविद्यालयांतील अध्यापकांवर मात्र हें बंधन नसतें. "ही रेषा येथून निघाली ती तिकडे मिळाली," असें म्हणत ते फळ्यावर आकृति काढितात. डोळस विद्यार्थ्यांस तेवढें पुरतें. पण दुसऱ्या बांकावरील अंध विद्यार्थिनीनें 'येथून' म्हणजे कोठून समजावें? 'अ बिंदूपासून ब बिंदूपर्यंत' एवढे शब्द उच्चारले असते, तरी तिचा तास वांचला असता. तसेंच, ओठांच्या हालचालीवरून बोलणें ओळखणाऱ्या बधिर विद्यार्थ्याला फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या गुरुजींची केवळ पाठच दिसते.

दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ सालीं झाला. पुढें २९ ऑगस्ट २०१८ रोजीं केंद्र सरकारनें परीक्षांसंबंधीं सूचना काढिल्या. लेखनिक घेणाऱ्या परीक्षार्थीस तासामागें निदान २० मिनिटें अधिक मिळावीं, म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेस चार तास. यांत खरी महत्त्वाची गोष्ट आहे ती शब्दाची. पूर्वीं या वेळेस 'जादा वेळ' म्हणत. या सूचनांनीं तो शब्द सोडून 'भरपाईचा वेळ' असा शब्द योजिला. जादा हें दान झालें, भरपाई हें देणें. उत्तर येत असूनहि तें दुसऱ्याच्या हातून उतरवून घेतांना, अडलेला शब्द फोडून सांगतांना, लिहिलेलें वाचून घेतांना जो वेळ जातो, तोच परत करावयाचा असतो. तरीहि 'यांची काय, चैन आहे!' असे उद्गार सुशिक्षितांच्याच तोंडीं येतात.

लिहूं लागतांच हात आखडणाऱ्या एका उमेदवारास संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेंत लेखनिक नाकारला गेला. नियमांतील ठराविक प्रकारांत त्याचा विकार बसत नव्हता. ११ फेब्रुवारी २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, लेखनिकाची सोय ४० टक्के अपंगत्वाच्या मापाशीं बांधून ठेवतां येणार नाहीं.

परीक्षेपुरती अशी व्यवस्था झाली. पण परीक्षा कांहीं दिवसांची आणि तास रोजचे. टिपणें आदल्या दिवशीं द्यावीं, फळ्यावर लिहिलेलें मोठ्यानें वाचावें, चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थ्याचा वर्ग तळमजल्यावर भरवावा, यासाठीं न्यायालयाची वाट कशाला पाहावयाची? सत्राच्या पहिल्याच दिवशीं अध्यापकानें त्या विद्यार्थ्यालाच विचारावें, "तुझें कोठें अडतें?" तें त्याच्याइतकें नेमकें दुसरा कोण सांगणार?