तापणाऱ्या लॅपटॉपचं दुखणं

आज आपण जुना गेमिंग लॅपटॉप का तापतो आणि त्यावर काय करायचं, हे बघणार आहोत. तुम्ही म्हणाल, गेम खेळायच्या लॅपटॉपचा आणि बचत गटाचा काय संबंध? शहरातली मुलं हे लॅपटॉप काही वर्षं वापरून विकतात. त्यात ताकद भरपूर असते आणि नव्याच्या मानाने किंमत कमी. मसाल्याची लेबलं करायला, जाहिरातीचे व्हिडिओ जोडायला तो उपयोगी पडतो. म्हणून आमच्या गटानेही असाच एक घेतला.

एप्रिलमध्ये त्याचा पंखा गिरणीसारखा घोंघावू लागला. व्हिडिओचं काम लावलं की दहा मिनिटांत लॅपटॉप बंद. एका दुकानात सांगितलं, "मदरबोर्ड गेलाय, 14 हजार लागतील." आम्ही 12 जणी महिन्याला 100 रुपये टाकतो. म्हणजे वर्षाची बचत होते 14,400 रुपये. ती सगळी एका दुरुस्तीत घालायची का? बैठकीत ठरलं, आधी दुखणं समजून घ्यायचं, मग पैसे काढायचे.

आता बघा, चुलीला धुराडं असतं तशी लॅपटॉपमध्ये उष्णतेची वाट असते. आत दोन वस्तू जास्त तापतात, प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप. त्यांच्यावर तांब्याच्या नळ्या बसवलेल्या असतात. त्या नळ्या उष्णता कडेच्या पातळ जाळीपर्यंत नेतात आणि पंखा तिथून ती बाहेर फेकतो. चिप आणि तांबं यांच्यामध्ये बारीक फट राहू नये म्हणून थर्मल पेस्ट लावतात.

ही वाट तीन ठिकाणी अडते. खालची हवा आत घ्यायची भोकं झाकली जातात, जाळीत धूळ बसते किंवा पेस्ट वाळते. आपल्याकडे कांडपाची भुकटी, पीठ, फोडणीची तेलकट वाफ असतेच. ती धुळीला चिकटते आणि जाळीवर नमदाच तयार होतो.

बहुतेक प्रोसेसर 100 अंशांच्या आसपास गेले की स्वतःच वेग कमी करतात. तरी ताप उतरला नाही तर लॅपटॉप बंद होतो. म्हणजे तो बंद पडला याचा अर्थ मेला असा नाही, कदाचित त्याने स्वतःला वाचवलं. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आतलं तापमान दाखवतं. जड काम चालू असताना 80 ते 90 अंश दिसले तर गेमिंग लॅपटॉपमध्ये ते नवल नाही. सतत 95 च्या वर राहिला तर मात्र लक्ष घाला. गार असतानाच, सुरू करताक्षणी बंद होत असेल तर दुखणं वेगळं असू शकतं.

न उघडता करायच्या गोष्टी आधी करा. लॅपटॉप गादीवर, गोधडीवर, मांडीवर ठेवू नका. सपाट फळीवर ठेवा आणि मागची कड दोन लाकडी ठोकळ्यांवर उचला. पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 ऐवजी 99 टक्के करा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये त्याने टर्बो, म्हणजे जादा वेग, थांबतो. काम थोडं सावकाश होतं, पण ताप बराच उतरतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत 42 अंश असतील तर पंखा तीच गरम हवा आत घेणार. जड काम सकाळी उरकावं. ओलं फडकं लावणं, फ्रिजमध्ये ठेवणं हे मुळीच करू नका, आत पाणी धरतं.

उघडायचं असेल तर जाणत्या माणसाकडून, पण आपल्या समोर. आधी चार्जर काढायचा, लॅपटॉप बंद करून गार होऊ द्यायचा, झाकण काढल्यावर बॅटरीची जोडणी सोडवायची. स्क्रू लांब-आखूड असतात, म्हणून कोणता कुठला ते कागदावर लिहून ठेवायचं. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरायची, नाहीतर पंखा भरधाव फिरून खराब होतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची आणि नवी थोडीशीच लावायची. बाजूच्या छोट्या चिपांवर मऊ पट्ट्या असतात, त्या फाटू द्यायच्या नाहीत. काही महागड्या लॅपटॉपमध्ये पेस्टऐवजी लिक्विड मेटल असतं. त्यातून वीज वाहते, थेंब सांडला तर बोर्ड जळू शकतो. ते काम सरावाच्या हातांचंच.

एक धोका लक्षात ठेवा. लॅपटॉपचं बूड फुगलं, टचपॅड वर आला, तर बॅटरी फुगली आहे. तेव्हा वापर आणि चार्जिंग दोन्ही ताबडतोब थांबवा. ती दाबू नका, टोचू नका, पेट घेऊ शकते.

दुकानात गेल्यावर तीन प्रश्न विचारा. तापमान किती दाखवतंय? जाळी साफ केली का? पेस्ट बदलली का? या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय मदरबोर्डचा खर्च मान्य करू नका.

आम्ही दुसऱ्या दुकानात हेच विचारलं. त्या दादांनी आमच्यासमोर झाकण काढलं, तेव्हा जाळीतून धुळीची अख्खी पट्टी निघाली. सफाई आणि पेस्ट मिळून 700 रुपये झाले. आधी 97 अंशांवर जाऊन बंद होणारा लॅपटॉप त्याच कामाला 82 वर थांबला. मदरबोर्डला काहीच झालं नव्हतं.

मैत्रिणींनो, शिलाई मशीनला आपण तेल घालतो, गिरणीचं जातं टाकून घेतो. लॅपटॉपलाही वर्षातून दोनदा सफाई हवी, एकदा दिवाळीच्या आधी आणि एकदा होळीच्या सुमारास. गटाच्या वहीत त्याची तारीख आणि खर्च लिहून ठेवा. पुढच्या वेळी कुणी 14 हजार सांगितले, तर ती वही उघडून बोलता येईल.