हायड्रोजन: कुठे हवा, कुठे नको

आज पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

हरित हायड्रोजनचा, म्हणजे अक्षय ऊर्जेच्या विजेने पाण्यापासून काढलेल्या हायड्रोजनचा गाजावाजा नवा असला तरी त्यामागचे तंत्र जुने आहे. डेन्मार्कमधल्या आस्कोव गावी पोल ला कूर या शिक्षकाने १८९०च्या दशकात पवनचक्कीच्या विजेने पाण्याचे विघटन केले आणि त्या हायड्रोजनवर शाळेतले दिवे लावले. आपल्याकडे १९६०च्या दशकात नांगलच्या खत कारखान्यात भाक्राच्या जलविद्युतेवर हायड्रोजन आणि त्यापासून अमोनिया तयार होत होता. पुढे तो कारखाना खनिज इंधनाकडे वळला. तंत्र जमले होते, अडले ते विजेच्या हिशेबात.

तो हिशेब तुम्हाला जन्मभर पुरेल, म्हणून मांडतो. एक किलो हायड्रोजन करायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्यात उरते सुमारे ३३ युनिट ऊर्जा. फ्युएल सेलमधून पुन्हा वीज केली, तर हाती येतात जेमतेम १६-१७ युनिट. बॅटरीत भरलेली वीज मात्र बहुतांश परत मिळते. म्हणून स्कूटर, मोटार, घरची शेगडी यांना हायड्रोजन पुरवणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

मात्र जिथे नुसत्या विजेने भागत नाही, तिथे तो हवाच. अमोनियाच्या रेणूला हायड्रोजन लागतोच. लोहखनिजातला ऑक्सिजन काढायला कोळशाऐवजी तो चालतो. अलिबागजवळ थळच्या खत कारखान्यात युरियासाठी लागणारा हायड्रोजन आज नैसर्गिक वायूतून येतो. या पद्धतीत हायड्रोजनच्या किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हरित हायड्रोजनचे पहिले गिऱ्हाईक अशा कारखान्यांत आहे.

२०२३मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेचे उद्दिष्ट आहे २०३०पर्यंत वर्षाला ५० लाख टन. त्यासाठी सुमारे १२५ गिगावॉट नवी अक्षय ऊर्जा उभारायची आहे. पाणी किलोमागे नऊ लिटर, म्हणजे वर्षाला दीड टीएमसीहून थोडे अधिक. शुद्धीकरणाचे आणि थंडाव्याचे वेगळेच. देशाच्या मानाने हे फार नाही. पण मराठवाड्यासारख्या भागात ऊन भरपूर आणि उन्हाळ्यात गावोगाव टँकर, हेही विसरता येत नाही.

उद्या तुमच्यापैकी कुणी अशा प्रकल्पाच्या अहवालावर सही कराल. त्याआधी तीन गोष्टी विचारा. ही वीज नव्याने उभी केलेली आहे, की कुणाच्या वाट्याची? पाणी कुणाच्या हक्काचे? आणि हेच काम थेट विजेने होणार नाही ना? उत्तरे पटली तर मागेपुढे पाहू नका, झोकून द्या. न पटली तर वरिष्ठांना तसे लेखी कळवा. या विद्यापीठाने तुम्हाला गणित शिकवले आहे. उत्तर गैरसोयीचे आले म्हणून ते फिरवू नका.