चौथा प्रश्न



मला शिक्षणावर बोलायला सांगितलंय. मी शिक्षक नाही. इंजिनिअरिंग केलं आणि गेली बारा वर्षं कोड लिहितोय. त्यामुळे शिकवावं कसं, हे सांगायचा मला अधिकार नाही. मला काय शिकवलं गेलं नाही, तेवढं सांगतो.

पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा घर शोधत होतो. एजंट फोनवर म्हणायचा, फ्लॅट रिकामा आहे, लगेच या. नाव सांगितलं की, "मालकांशी बोलून कळवतो." पुढचं तुम्हाला सांगायला नको, इथल्या निम्म्या लोकांनी ते ऐकलेलं असेल. पुढे कंपनीने मला अटलांटाला पाठवलं. सहा महिन्यांनी ऑफिसात भारतातून एक नवा मुलगा आला. घर कुठे बघू, म्हणून त्याने विचारलं. मी म्हणालो, "त्या बाजूला नको, तिकडे सगळे कल्लू राहतात." बोललो आणि विसरलो. दोन-तीन दिवसांनी गाडी चालवताना एकदम त्या पुण्याच्या एजंटचा आवाज आठवला. बोलण्याची ढब तीच होती, फक्त या वेळी बोलणारा मी होतो.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांविषयी मला माहिती तरी किती होती? लिंकनने गुलामगिरी संपवली, मार्टिन ल्यूथर किंग यांनी भाषण केलं, विषय संपला. महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केलं, हे मला पाठ होतं. एका मार्काचं उत्तर होतं ते. सत्यशोधक माणसाला इतक्या दूरच्या लढाईत आपलं काय दिसलं असेल, हे वर्गात कुणी विचारलं नाही. मीही नाही. मला मार्क मिळाला होता.

मग एका लाँग वीकेंडला मिसिसिपी राज्यात जॅक्सनला गेलो. तिथे नागरी हक्कांचं संग्रहालय आहे. तिथे मला फ्रीडम स्कूलचा पत्ता लागला.

१९६४ ची गोष्ट. शाळेत रंगावरून भेद करणं घटनाबाह्य आहे, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९५४ सालीच सांगितलं होतं. दहा वर्षं झाली तरी मिसिसिपीत काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्याच होत्या, पैसा कमी, पुस्तकं जुनी. आणि वर्गात हक्क, मतदान असे शब्द काढायचे नाहीत. चार्ल्स कॉब नावाच्या विशीतल्या कार्यकर्त्याने सुचवलं की उन्हाळ्यात आपणच शाळा काढू. चाळीसच्या आसपास शाळा निघाल्या. चर्चच्या तळघरात, घरांच्या ओसरीवर, झाडाखाली. दोन हजारांहून जास्त विद्यार्थी आले, लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत. परीक्षा नाही, मार्क नाहीत. शिकवणारे बहुतेक उत्तरेकडचे कॉलेजचे विद्यार्थी, त्यात गोरे पुष्कळ. त्यांना सांगितलं होतं, व्याख्यान देऊ नका, प्रश्न विचारा.

त्यातले तीन प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीत. गोऱ्यांच्या जगातलं आपल्याला काय हवंय? त्यातलं काय नकोय? आणि आपल्याकडचं काय जपायचंय? आमच्या इतिहासाच्या सरांचं ठरलेलं वाक्य होतं, "प्रश्न नंतर, आधी पोर्शन." हे तीन प्रश्न त्यांना विचारून बघायला हवे होते.

किंमत मोजावी लागली. नेशोबा जिल्ह्यातलं एक चर्च फ्रीडम स्कूलसाठी ठरलं होतं. ते जाळलं गेलं. चौकशीला गेलेले तीन तरुण कार्यकर्ते, जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर, २१ जूनच्या रात्री मारले गेले. प्रेतं ४ ऑगस्टला सापडली. तरीही शाळा चालूच राहिल्या. त्याच जिल्ह्यात सप्टेंबरमध्ये काळ्या मुलांच्या शाळेतली तीस-चाळीस मुलं 'एक माणूस, एक मत' असा बिल्ला लावून वर्गात आली. शाळेने त्यांना निलंबित केलं. पालक कोर्टात गेले आणि १९६६ मध्ये जिंकले.

पुस्तकांचं काय झालं, तेही ऐका. जेम्स लोवेन आणि चार्ल्स सॅलिस यांनी मिसिसिपीचा नवा इतिहास लिहिला, १९७४ साली. राज्याच्या समितीने तो शाळांसाठी नाकारला. त्यात जमावाने मारलेल्या एका काळ्या माणसाचा फोटो होता. खटला चालला. समितीतला एकजण म्हणाला, असलं चित्र असलं तर शिक्षिकेला वर्ग आवरणं अवघड जाईल. लोवेन यांनी लिहून ठेवलंय की न्यायाधीशांनी त्याला साधं एवढंच विचारलं, हे घडलं होतं की नाही? १९८० मध्ये निकाल लेखकांच्या बाजूने लागला.

इथपर्यंत आपल्याला सगळं आवडतं. कारण आपण मनातल्या मनात स्वतःला त्या काळ्या मुलांच्या जागी बसवतो. पुण्याच्या एजंटपुरतं ते खरंही आहे. पण अटलांटाला मी कुठे बसलो होतो?

म्हणून त्या तीन प्रश्नांत मी माझा एक चौथा घालतो. आपल्याकडचं काय टाकून द्यायचंय? हजरत बिलाल यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ती सांगून झाली की गप्प बसतो, जणू आपल्याकडे हा प्रश्न कधीच सुटला. त्याच घरात मुलगी बघून आलेली खाला म्हणते, "सब अच्छा है, पर रंग दबा हुआ है." कोण कुठल्या बिरादरीचा, कुणाकडे मुलगी द्यायची नाही, हेही त्याच बैठकीत ठरतं. चहा गार होत नाही तोवर.

आमच्या मोहल्ल्यात आम्ही चारपाच जण रविवारी मुलांचा वर्ग घेतो. परवा मलिक अंबर घेतला. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, दख्खनेत येऊन निजामशाहीचा वजीर झालेला. आजचं संभाजीनगर म्हणजे त्याने वसवलेली खडकी, आणि तिथली नहरही त्याचीच. मुलांना भारी वाटलं. मग सातवीतल्या एका मुलीने हात वर केला. "भाईजान, तो एवढा मोठा होता, तर माझी दादी मला 'हबशी दिखेगी' म्हणून उन्हात का जाऊ देत नाही?"

मला उत्तर आलं नाही. पटकन काही सांगून विषय संपवावा, असं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग म्हणालो, हे दादीलाच विचार. तिने विचारलं. पुढच्या रविवारी दादी वर्गात आल्या, मागे खुर्ची घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "हां, बोलो. कौन था ये अंबर?"